बियाण्याच्या खोलीतली परीक्षा

२७ ऑक्टोबर २०२५

ही वही बियाणे कंपनीने दिलेली. टमाट्याच्या शेडनेटमध्ये रोज किती फुलांचं क्रॉसिंग झालं तेवढं लिहायला. चार वर्षं मी तेवढंच लिहीत आलो. आज मागून कोरी पानं उघडलीत, कारण गावात कुणाजवळ मन मोकळं करावं तर तो ऐकायच्या आधी सल्ला देतो. शाळेत बाईंनी शुद्ध लिहायची सवय लावली म्हणून शुद्ध लिहितो. बोलणं मात्र ज्याचं जसं आहे तसं.

छायाचा पाय मोडला. शेडनेटच्या दारात नळीचं पाणी सांडलं होतं, त्यावरून घसरली. देऊळगाव राजाच्या डॉक्टरने गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही.

हाड जुळेल. पण सोळा नोव्हेंबरला पुण्याच्या केंद्रावर तिची परीक्षा होती. माझी बायको बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे, मी बारावी. तिला अमेरिकेतल्या विद्यापीठात पुढचं शिकायचंय. या परीक्षेचे मार्क लावल्याशिवाय ते अर्ज बघत नाहीत आणि अर्जाची शेवटची तारीख पंधरा डिसेंबर. दोन वर्षं झाली, भाकरी करता करता इंग्रजी शब्द पाठ करते.

काय शिकायचंय म्हणाल तर पराग. मार्च लागला की आमच्या टमाट्याचा पराग मरतो. फूल दिसायला झकास, आदल्या दिवशी कळीतला नर चिमट्याने काढा, सकाळी पराग लावा, खुणेचा दोरा बांधा, तरी फळ धरत नाही. कंपनीचा साहेब म्हणतो ऊन. बाबा म्हणतात ऊन. छाया म्हणते, "ऊन हाये ते मलेही दिसते. पण त्या उन्हानं आत काय होते, ते कोनी सांगत नाही."

एक खरं लिहून टाकतो, वही कुणी वाचणार नाही. डॉक्टर सहा आठवडे म्हणाला तेव्हा मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, आता ही कुठं जात नाही. मग तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, भिंतीवरचं कॅलेंडर मोजत होती. माझी मलाच लाज वाटली.

३० ऑक्टोबर

छायाने तोड काढली. ही परीक्षा घरी बसूनही देता येते म्हणे. आपला कॉम्प्युटर, आपली खोली, आणि परीक्षावाल्यांचा माणूस कॅमेऱ्यातून सगळा वेळ पाहतो.

मी हसलो. आमच्या बारावीला केंद्रावर सहा सर, दोन पोलीस, तरी खिडकीतून चिठ्ठ्या येत होत्या. त्यातली एक मी पण घेतली होती. मी म्हटलं, "घरी बसून देल्लेल्या परीक्षेले कोन मानते वो?"

"तेच विचारते," म्हणाली, आणि ज्या तीन विद्यापीठांत अर्ज करायचाय त्या तिघांना पत्रं लिहायला बसली.

३ नोव्हेंबर

दोन उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं, केंद्रावर दिलेलीच चालेल. दुसरं त्या विद्यापीठाचं, जिथं परागावर काम करणाऱ्या बाई आहेत. छायाला खरं तर तिथंच जायचंय. त्यांनी लिहिलं, घरची आणि केंद्रावरची, दोन्ही आम्ही सारखीच धरतो. फक्त निकाल परीक्षावाल्यांकडून थेट आमच्याकडे आला पाहिजे.

छायाने ते तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मराठीत. तिसऱ्या विद्यापीठाची वाट बघायची नाही म्हणे, आता एकच अर्ज, एकच जागा. मी विचारलं, तिथं नाही झालं तर? म्हणाली, "तर मंग दोरे बांधू."

पुण्याची तारीख रद्द करून त्याच दिवशीची घरची घेतली. सोळा तारीख, सकाळी अकरा.

६ नोव्हेंबर

दोन दिवस छाया माझ्याशी बोलत नाही. चूक माझीच आहे.

मी म्हटलं होतं, तू बियाण्याच्या खोलीत बसशील, कॅमेरा समोरच पाहतो, बाजूच्या खिडकीच्या फटीतून मी डिक्शनरी घेऊन बसलो तर काय बिघडते. गमतीत म्हटलं असं नंतर सांगितलं, पण गमतीत नव्हतं. ती म्हणाली, "त्या लोकायनं मले पाह्यलं नाही, गाव पाह्यलं नाही, तरी भरोसा ठेवला. अन् तुमी घरातले."

एवढंच. मग प्लॅस्टरचा पाय उचलून भिंतीकडे तोंड केलं. आज प्लॉटवर धम्मशीलाताईंनी विचारलं, तोंड काऊन उतरलं म्हणून. त्या आमच्या क्रॉसिंगच्या बायांच्या मुकादम. त्यांची पोरगी बुलढाण्याला कॉलेजात आहे. मी सांगून टाकलं. त्या दोरा बांधता बांधता म्हणाल्या, "गोकुळभाऊ, तुमाले थे पास व्हावी वाटते, का तुमच्यामुळं पास व्हावी वाटते?"

मी दोऱ्याची गुंडी उचलून पुढच्या ओळीत गेलो. उत्तर द्यायचं राहिलं.

७ नोव्हेंबर

खिडकीच्या फटीला आतून पुठ्ठा ठोकला, छायाला दाखवून. ती म्हणाली, खिळा वाकडा गेला. म्हणजे बोलायला लागली.

१० नोव्हेंबर

परीक्षेसाठी बियाण्याची खोली आज तयार केली. घरात कडी लागणारं दार तेवढंच, बाकी सगळीकडे पडदे. पोती काढली, जमीन सारवली, तरी औषध लावलेल्या बियाण्याचा वास जात नाही. छाया म्हणते त्या वासात तिचं डोकं चालतं.

नियम भारी आहेत. दार कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे. कोणी आत यायचं नाही. कागद चालत नाही, पांढऱ्या पाटीवर लिहायचं आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर पुसून दाखवायचं. कान उघडे पाहिजेत, म्हणजे कानात यंत्र नाही हे त्यांना दिसावं. छायाने केस वर घट्ट बांधून पाहिले. तिचे कान इतके लहान आहेत हे मला लग्नाला तीन वर्षं होऊन आज कळलं.

तेवढ्यात बाहेर बाबा खाकरले आणि तिने ओढणी डोक्यावर घेतली.

बाबांची ती जुनी रीत. उंबऱ्याशी येताना खाकरायचं, म्हणजे घरातल्या सुनेने डोक्यावरून घ्यायचं. आई होती तेव्हाही तसंच. बाबा कधी कुणाला घे म्हणाले नाहीत, फक्त खाकरतात. छाया चिखलीत वाढली, तिच्या घरी असलं काही नाही, पण इथं आल्यावर शिकली ती शिकलीच. कणकेचे हात असले तरी कोपराने घेते.

१३ नोव्हेंबर

आता छाया माझ्याशी सकाळी इंग्रजीतच बोलते. तिला सराव व्हावा म्हणून. मी यस-नो म्हणतो, तर रागावते, पूर्ण वाक्य बोला म्हणते. तिच्या सरावासाठी मी पूर्ण वाक्यं बोलायची, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. पण तिचा पाय मोडलाय, म्हणून बोलतो.

माझा शाळा सोडल्याचा दाखलाही मागून घेतला. कशाला म्हटलं तर म्हणे, "राहू द्या फाईलमंधी."

१५ नोव्हेंबर

सगळी तयारी झाली. गावचा वायरमन सहदेव माझा वर्गमित्र, तो म्हणाला, उद्या अकरा ते दोन तारेला हात लावत नाही आणि लावूही देत नाही. शेजारच्या चार जणांनी पाण्याच्या मोटारी दुपारनंतर चालू करायचं कबूल केलं.

राहिला आवाज. पोरंसोरं, भाजीवाला, कुत्री. त्यावर मला एकदम झकास सुचलं. खोलीच्या दाराशी बाहेरून खुर्ची टाकून बाबांनाच बसवायचं. बाबा असले की गल्लीतून कोणी मोठ्याने बोलत जात नाही. शिवाय उद्या कोणी म्हणायला नको की गोकुळने आत चिठ्ठी दिली.

बाबांना सांगितलं तर ताठ बसले. म्हणाले, "माशी नाही जाऊ देत."

१६ नोव्हेंबर

झाली परीक्षा. छाया बाहेर आली, म्हणाली पेपर चांगला गेला. अर्ध्या वेळापर्यंत जरा अडचण होती. कॅमेऱ्यावरची बाई सारखी मध्ये बोलायची, कान दाखव, कान दाखव. तीनदा. छायाला कळेना, केस तर बांधलेलेच होते. आधी दोनदा ओढणी आपोआप खांद्यावर घसरली असावी, तिसऱ्यांदा ती डोक्यावर आहे हे तिच्या लक्षात आलं. कधी घेतली ते तिला आठवत नाही.

बाबांनी कमाल केली. भाजीवाल्याला परत पाठवला, दोन पोरांना पळवलं, कुत्र्यामागे वेशीपर्यंत गेले. तीनदा उठले आणि तीनदा परत येऊन बसले. शेवटी मी त्यांच्यासाठी चहा केला. त्यांनी तो परीक्षा संपेपर्यंत फुंकला नाही, आवाज होईल म्हणून.

१९ नोव्हेंबर

परीक्षावाल्यांचं पत्र आलं. निकाल रोखून धरलाय. उमेदवाराने तीन वेळा कान झाकले, तिन्ही वेळा दाराबाहेर पुरुषाचा आवाज आला. बाहेरून कोणी इशारे देत होतं असा संशय आहे. खुलासा असेल तर सात दिवसांत द्या.

छायाने मला वाचून दाखवलं तेव्हा बाबा ओसरीवर होते. मी हळू बोल म्हटलं, पण त्यांनी ऐकलंच होतं. आत आले, अर्थात खाकरूनच, आणि छायाचा हात वर गेला. ओढणी डोक्यावर आली. आम्ही तिघेही त्या हाताकडे पाहत राहिलो.

बाबा म्हणाले, "म्हंजे मी खाकरलो म्हून?"

बाबा जेवले नाहीत. मीही नाही. खुर्ची तिथं मी टाकली होती.

२० नोव्हेंबर

मी छायाला म्हटलं, खुलाशात लिही की कान ठणकत होता, वारं लागत होतं म्हणून झाकला. डॉक्टरची चिठ्ठी मी आणतो. हे कोणालाही पटेल. सासरा खाकरला म्हणून सुनेने डोकं झाकलं, हे अमेरिकेत कोणाला कळणार? हसतील.

ती म्हणाली, "हसू द्या. खरं लिहिलं तर हसतील, खोटं लिहिलं तर मीच त्या खोलीत परत बसू शकनार नाही."

एक पान लिहिलं. मला मराठीत सांगितलं. माझे सासरे गावात मान असलेले गृहस्थ आहेत. ते येताना घसा साफ करून येण्याची सूचना देतात आणि मी आदराने डोकं झाकते. त्या दिवशी ते दाराबाहेर मला शांतता मिळावी म्हणून पहारा देत होते. हात माझ्या नकळत वर गेला. चूक माझी आहे, त्यांची नाही.

शेवटचं वाक्य तिने बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "थे काट. चूक माही लिही. अन् माहा अंगठा पाह्यजे असन तर घे."

बाबांना सही येते. दहावीपर्यंत शिकलेत. पण आज अंगठाच म्हणाले.

छायाने वाक्य खोडलं नाही.

२५ नोव्हेंबर

काही नाही आलं. प्लॉटवर आज शेवटच्या ओळीचे दोरे बांधले. सवय लागलीय म्हणून मी धम्मशीलाताईंशीही इंग्रजीत बोललो, "द फ्लावर इज रेडी." त्या म्हणाल्या, "मंग बांधा की."

बाबा आता घरात येताना बाहेर थांबतात आणि मला हाक मारतात. मी घरी नसलो तर ओसरीवरच बसून राहतात. खाकरत नाहीत. काल अर्धा तास तसेच बसले होते, छायाने आतून "मामाजी, या ना" म्हटल्यावर आले.

२८ नोव्हेंबर

आलं पत्र. कॅमेऱ्याचं सगळं चित्रण त्यांनी परत पाहिलं. खुलासा मान्य, गैरप्रकाराचा शेरा काढला. पण कान झाकलेल्या वेळचं तपासता येत नाही म्हणून तो पेपर धरता येणार नाही. परत द्यायची, विनाशुल्क. तारीख सात डिसेंबर.

पत्राखाली जिने सही केलीय तिने एक ओळ जास्तीची लिहिलीय. तुमच्या सासऱ्यांना आमचा नमस्कार सांगा.

छायाने ती ओळ सांगितली तर बाबा म्हणाले, "काय नाव म्हनलं त्या बाईचं?" दोनदा विचारून पाठ करून घेतलं.

७ डिसेंबर

सकाळी उठून पाहतो तर बाबा घरात नाहीत. खुर्चीही नाही. ओसरीवर चुन्याची डबी ठेवलेली, तिच्याखाली कागद. "मी देऊळगाव राजाले बालाजीच्या दर्शनाले जातो. तीन वाजेलोक येत नाही. दाराशी कोनाले बसवू नको." खाली पूर्ण सही, उकंडराव आणि आडनाव, लफ्फेदार.

मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. खोलीपासून शंभर पावलं लांब. मोजली. भाजीवाला आला तर त्याच्याकडची सगळी मेथी विकत घेतली, पण ओरडू दिलं नाही. सहदेव खांबाखाली बसून होता. धम्मशीलाताई दोन बायांना घेऊन वरच्या अंगाला उभ्या होत्या, म्हणे कुत्र्यासाठी. तीन तास आम्ही सगळे खुणांनी बोललो.

छाया बाहेर आली ती प्लॅस्टरच्या पायावर लंगडत, हातात पुसलेली पाटी. या परीक्षेत दोन भागांचे मार्क तिथल्या तिथेच पडद्यावर दिसतात. तिला हवे होते त्याहून जास्त. मला आकडा कळला नाही, पण तोंड कळलं.

तीनच्या एसटीने बाबा आले. गल्लीतूनच माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या. मी मान हलवली. त्यांनी प्रसादाचा पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "देवळात बी नाही खाकरलो बे आज." मग त्या खांबापाशी उभं राहून मनसोक्त खाकरले.

९ डिसेंबर

काल प्लॅस्टर निघालं. पाय बारीक झालाय, तेल लावून द्यावं लागतं. मी लावतो. ती पुस्तक वाचते.

मला तिने पांढऱ्या पडद्यासमोर उभं करून फोटो काढून घेतला. हसू नका म्हणाली. आता हा फोटो कशाला लागतो कोण जाणे. सोसायटीचं असेल काही.

१६ डिसेंबर

विद्यापीठाचा निरोप आला. निकाल थेट मिळाला, घरची परीक्षा म्हणून वेगळा शेरा नाही, अर्ज पूर्ण आहे. काल शेवटचा दिवस होता.

छाया म्हणाली, आता हो म्हणतील का नाही ते त्यांच्या हातात. मी म्हटलं, हो म्हणतील. असं एकदम बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की मला ते मनापासून वाटतंय. धम्मशीलाताईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते उद्या देतो.

पण ती गेल्यावर चहा कोणासोबत प्यायचा, हेही वाटतंच. दोन्ही खरं आहे.

१९ फेब्रुवारी २०२६

दोन महिने वहीत फक्त बियाण्याचं वजन लिहिलं. आज दुसरं.

छाया अंगणात बियाणं वाळवत होती. फोन वाजला, तिने वाचलं, आणि बियाणं पसरायचा पंजा तिथंच टाकून ओसरीवर गेली. बाबा तिथं कपाशीच्या वाती वळत होते. मी शेडनेटकडून येत होतो, अंगणाच्या तोंडाशीच मला सगळं दिसलं, ऐकूही आलं. तिने फोन त्यांच्यासमोर धरला आणि वाचायला लागली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. परागाच्या बाईंनी घेतलंय तिला. पगारही त्याच देणार, त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचं म्हणून. ऑगस्टमध्ये हजर व्हायचं.

बाबांना काही बोलायचं असेल. ते खाकरले.

तिचा हात वर गेला. खांद्यावरच्या ओढणीपर्यंत पोचला.

"राहू दे वो पोरी," बाबा म्हणाले. "तिकडं तुह्यासाठी खाकरनारं कोनी नाही. आतापासूनच सवय कर."

तिने हात खाली घेतला. तशीच बसली त्यांच्यासमोर, उघड्या डोक्याने, लहान कान दिसत होते. बाबांनी सांगितलं, परत वाच. तिने परत वाचलं.

मी जवळ गेलो तर छायाने फाईल पुढे केली. तिची फाईल, त्यात माझा शाळा सोडल्याचा दाखला, माझा न हसलेला फोटो, आणि पासपोर्टचा फॉर्म, माझ्या नावाने भरलेला. म्हणाली, "पहिल्या वर्षी मी जाते. दुसऱ्या वर्षी तुमी या. तवापर्यंत पूर्ण वाक्यं बोलता येतील."

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माह्याकडं काय पाह्यतं? प्लॉट मी अन् धम्मशीला पाहू. आमचं कवाच ठरलं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. चार महिने मी या वहीत रोज लिहीत होतो आणि मलाच माहीत नव्हतं.

फॉर्मवर माझी सही तेवढी राहिली होती. बाबांनी खिशातला पेन काढून दिला.

आजचं वजन: चौदा किलो, वाळलेलं.